मारुती ८०० : प्लगची निवड आणि पहिले सहाशे किलोमीटर

मागच्या नोंदीत कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडून स्वच्छ केल्याचे लिहिले होते. त्यानंतर माझी १९९७ सालची मारुती ८०० आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) शांत झाली, पण सकाळी थंड असताना पहिली पाच मिनिटे ती मिसिंग करीत राहिली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले मिश्रण मधूनच पेटेना, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना अधूनमधून हुंदका दिल्यासारखी अडखळू लागली. सर्व दोष कार्बोरेटरच्या माथी मारून मी मोकळा झालो होतो. वास्तविक सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून मिश्रण पेटवणारे स्पार्क प्लग आधी काढून पाहायला हवे होते, कारण ते काम अर्ध्या तासाचे आणि फुकटचे आहे.

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना तिन्ही प्लग काढले आणि सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवले. तिन्हींच्या टोकांवर कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी होती, जी बोटाने पुसली की लगेच निघत होती. तेलाचा काळेपणा ओला आणि चकचकीत असतो, म्हणजे हा प्रकार तेलाचा नव्हता. खरा धक्का मात्र चिनी मातीवरचे अंक वाचल्यावर बसला. पुस्तिकेप्रमाणे या इंजिनाला एनजीके या कंपनीचा बीपीआर५ईएस प्लग लागतो. पहिल्या दोन सिलिंडरमध्ये बीपी६ईएस होते आणि तिसऱ्यात चक्क बीपी७ईएस! आधीच्या मालकाने कोणत्या तरी प्रवासात, मिळेल तो प्लग बसवून वेळ मारून नेली असावी.

हे अंक नीट समजून घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. एनजीकेच्या या संकेतात पहिले 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'पी' म्हणजे कवचाबाहेर पुढे आलेले चिनी मातीचे टोक, 'आर' म्हणजे आतला रेझिस्टर, 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे, आणि मधला अंक म्हणजे प्लगची उष्णता-श्रेणी. एनजीकेत हा अंक जितका मोठा तितका प्लग 'थंड'. थंड प्लगमध्ये चिनी मातीचे टोक आखूड असल्याने उष्णता लवकर कवचात आणि तेथून हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) जाते, तर गरम प्लगमध्ये ते लांब असल्याने उष्णता टोकाशी अधिक वेळ रेंगाळते. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरच त्यावरची काजळी आपोआप जळते, आणि ८०० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. एका अंकाच्या फरकाने टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी बदलते. माझा रोजचा प्रवास साडेतीन किलोमीटरचा, तोही सातारा शहरातल्या गर्दीतून आणि बराचसा चोक (थंड इंजिनाला पेट्रोल जास्त देणारी कळ) ओढलेल्या अवस्थेत. त्यात सात क्रमांकाचा प्लग कधी तापणार आणि त्यावरची काजळी कधी जळणार?

याच ठिकाणी एक सापळा आहे. बॉश आणि चॅम्पियन यांच्या संकेतात अंक वाढला की प्लग गरम होतो, म्हणजे एनजीकेच्या नेमके उलट. डेन्सोत दिशा एनजीकेसारखीच असली तरी मोजपट्टी वेगळी आहे, कारण त्यांचा १६ म्हणजे ढोबळमानाने एनजीकेचा ५ आणि त्यांचा २० म्हणजे ६. त्यामुळे कंपनी बदलायची असेल तर तुलनेचा तक्ता पाहूनच बदलावी. आट्यांच्या लांबीबाबत तर अजिबात तडजोड नको. आखूड प्लग बसवला तर हेडमधले उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि नंतर योग्य प्लग आत जाताना अडतो. प्रमाणाबाहेर लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो.

दुकानदाराने अपेक्षेप्रमाणे "साहेब, इरिडियम टाका, ॲव्हरेज वाढेल" असे सांगितले. इरिडियमचा वितळणबिंदू २,४०० अंशांहून जास्त असल्याने मधला इलेक्ट्रोड अगदी बारीक करता येतो, बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते आणि प्लग दीर्घकाळ टिकतो, हे सारे खरे आहे. परंतु माझा दोष चुकीच्या उष्णता-श्रेणीचा होता आणि काजळी इरिडियमवरही तितक्याच निष्ठेने बसते. शिवाय मला दर काही महिन्यांनी प्लग काढून पाहण्याची आणि गॅप (दोन इलेक्ट्रोडमधले अंतर) तपासण्याची खोड आहे, आणि त्या नाजूक टोकाला गॅप मोजायच्या गेजचा जरासा चुकीचा दाब पुरेसा असतो. चौपटीहून अधिक किमतीचे इरिडियम टाळून मी निकेलचे साधे बीपीआर५ईएस घेतले. खोक्यातून काढल्यावर छपाई स्पष्ट आहे का, बाजूचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर समोर आहे का आणि वॉशर हाताने सहज निघून येत नाही ना, हे काउंटरवरच पाहिले. बाजारात नकली प्लग पुष्कळ आहेत.

'आर' या अक्षराबद्दल थोडे अवांतर. गाडीतल्या जुन्या टेपवर मी मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की बातम्यांच्या मागे भुंग्यासारखा आवाज चढत जायचा. दोष एरियलचा असेल असे वर्षभर समजत होतो. तो, ठिणगीमुळे रेडिओत येणारा आवाज दाबणारा रेझिस्टर नसलेल्या प्लगचा होता. आता आवाज जवळजवळ गेला आहे.

जुन्या प्लगचा गॅप तारेच्या गेजने एक मिलिमीटरच्या आसपास भरला. बाजूचा इलेक्ट्रोड झिजून खोलगट झाला असेल तर चपट्या पट्टीचा फिलर गेज त्या खळग्यावरून नुसता सरकतो आणि गॅप कमी दाखवतो, म्हणून तारेचा गेज वापरावा. नव्या प्लगना पुस्तिकेतल्या ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या मधोमध ०.७५ ठेवला. बसवण्याआधी खाचांतली धूळ हवेने उडवली आणि प्लगच्या मागे रबरी नळीचा तुकडा अडकवून आटे हाताने लावले. आटे वाकडे बसू लागले तर नळी हातातच घसरते आणि ॲल्युमिनियमचे हेड वाचते. वॉशर टेकल्यावर पान्याने सुमारे अर्धा फेरा दिला. आट्यांना ग्रीस लावले नाही, कारण त्यामुळे प्लग नकळत जास्त आवळला जातो.

आता ६१० किलोमीटर झाले आहेत. सकाळचे मिसिंग थांबले असून चोक पूर्वीपेक्षा लवकर बंद करता येतो. पाच क्रमांकाचा प्लग चढावर जास्त तापेल की काय ही शंका होती, म्हणून गेल्या शनिवारी मेढामार्गे केळघर घाट चढून महाबळेश्वरला गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भार देऊनही कोठे मिश्रण अवेळी पेटल्याची खडखड ऐकू आली नाही. वर पोहोचल्यावर इंजिन निवू दिले आणि प्लग काढले. पहिला आणि तिसरा फिकट बदामी रंगाचे होते, कोठेही पांढरे फोड किंवा वितळल्याच्या खुणा नव्हत्या.

दुसऱ्या प्लगच्या आट्यांवर मात्र तेलाची पुसट चमक होती आणि टोकाची एक बाजू उरलेल्या दोघांपेक्षा काळी होती. आधीच्या काजळीखाली ही चमक दिसत नव्हती. हा विषय बहुधा व्हॉल्व्ह सीलचा किंवा रिंगांचा असावा. पुढच्या रविवारी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) आधी कोरडे आणि मग थोडे तेल सोडून मोजणार आहे, आणि आकडे पुढच्या नोंदीत देईन.