तीन विती उंचीचं भय

गुरुवार, रात्री

हिमगौरीचे सात बुटके रोज सकाळी उठून कुठे जातात? डोंगरात, खनिज फोडायला. गोष्ट ऐकताना हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पण या मंडळींचं मूळ गाव खाण, आणि त्यांची धास्तीही तिथलीच.

जमिनीखालच्या या बुटक्यांना ‘नोम’ हे नाव सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या स्विस वैद्याने रूढ केलं. त्याचे नोम मात्र पुस्तकी वाटतात. आपण हवेतून चालतो तसे ते म्हणे मातीतून चालतात. त्यापेक्षा आग्रिकोला बरा. तो जर्मन-बोहेमियन सीमेवरच्या खाणगावात डॉक्टर होता. १५४९ च्या पुस्तकात तो दोन जाती सांगतो. एक निरुपद्रवी: तीन विती उंच, म्हातारी चेहरेपट्टी, कमरेला कातडं. दिवसभर राबल्याचं सोंग, काम शून्य. (ही जात खाणीपुरती नाही.) दुसरी जात जीवघेणी. आनाबेर्गच्या रोझेनक्रान्त्स खाणीत अशा एकाने नुसत्या श्वासाने बारावर कामगार मारले, आणि भरपूर चांदी असूनही खाण सोडावी लागली, असं तो लिहितो.

श्वासाने मारणारं भूत आपल्याला अगदीच परकं नाही. पडक्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत आहे ती याचसाठी. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड, तळाला साचतो. ज्योत मंदावली की माणसाने उतरायचं नाही.

कोबोल्डचा, म्हणजे जर्मन खाणींतल्या खोडकर भुताचा, त्रास वेगळा. दगड दिसायला चांदीच्या खनिजासारखा. भट्टीत भाजला की चांदी नाहीच, वर लसणासारखा वास मारणारा धूर. त्या धुरात असायचा सोमल. ओल्या खनिजाने हातापायांची कातडी सोलून निघायची. कोबोल्डने चांदी चोरून हे ठेवलं, असं कामगार म्हणत. आग्रिकोलाचा उपाय साधा: कच्च्या चामड्याचे बूट, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडावर सैल फडकं. पुढे १७३० च्या दशकात स्वीडनच्या ब्रांटने त्या खनिजातून नवा धातू ओळखला. नाव राहिलं कोबाल्ट. निकेलचंही तसंच. तांबूस दगड, पण तांबं काही निघेना, म्हणून ‘कुप्फरनिकेल’, तांब्यातलं भूत. क्रोनस्टेटने १७५१ मध्ये त्यातून धातू काढला आणि भुताचंच नाव पुढे चाललं.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतले ‘नॉकर’, म्हणजे टकटक करणारे बुटके, त्यातल्या त्यात उपकारी. भार सरकला की लाकडी टेकू मोडण्याआधी कुरकुरतात, खडक टकटकतो. ती टकटक ऐकून जो बाहेर पळाला तो वाचला. म्हणून त्यांच्यासाठी पेस्टीचा (सारण भरून भाजलेल्या पोळीचा) कडेचा तुकडा टाकायचा, आणि खाणीत शीळ घालायची नाही. शिळेने ते चिडतात ही समजूत. पण टकटक ऐकू यायची तर कान मोकळे लागतातच.

बागेतला बुटका फार नंतरचा. इंग्लंडमध्ये १८४७ च्या सुमारास चार्ल्स आयशमने न्यूरेंबर्गहून असे पुतळे आणून लॅम्पोर्ट हॉलच्या दगडी बागेत मांडले. पुढे थुरिंगियातल्या ग्रेफेनरोडाने भाजलेल्या मातीचे काढले. टोकदार टोपी, कुदळ, कंदील हे सगळं खाणीतून बागेपर्यंत आलं. कोपरापर्यंतचे हातमोजे तेवढे वाटेत गळाले.