बेल्ट ओरडतोय म्हणून बेल्टच बदलायचा, असं कोण म्हणलं?

आमच्या दहा टायरच्या ट्रकला थंडी-पावसात सकाळी स्टार्टर मारला की पुढनं जी चीईईई करून शिट्टी सुटायची ती लांबपर्यंत ऐकू जायची. दिवाळीआधी आण्णांनी (आमचे ड्रायव्हर, वयानं माझ्या वडलांएवढे) गुजरातेत गूळ उतरवून येताना वाटेतच इंजिनचा बेल्ट नवा टाकून घेतला, आवाज गेला, सगळे खूश, आणि होळीपर्यंत शिट्टी परत हजर. आता मिस्त्री म्हणतोय तो बेल्ट लोकल असणार, चांगला टाका. म्हणजे परत बेल्टच!

मला हे पटेना. चार-पाच महिन्यांत बेल्ट गुळगुळीत होत नाय. बेल्ट ओरडतो तेव्हा बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं ओरडत असतो.

आमचं इंजिन ५.९ लिटरचं सहा सिलिंडर कमिन्स. पुढं एकच रुंद पट्टा, आतून आठ रेघा, क्रँकच्या (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) पुलीवरनं निघून अल्टरनेटर (बॅटऱ्या चार्ज करणारा), वॉटर पंप आणि फॅन फिरवतो. एअर कॉम्प्रेसर आणि स्टेअरिंग पंप ह्या इंजिनात गिअरवर आहेत, बेल्टवर नाय, त्यामुळं बेल्ट तुटला की ब्रेक जातो असं जे धाब्यावर सांगतात ते ह्या गाडीला लागू नाय. पण वॉटर पंप थांबतो, आणि ते काय कमी नाय. पुण्याकडनं भरलेली गाडी घेऊन येताना खंबाटकीच्या घाटातनं आलो की चढ लागतो (जाताना बोगदा असतो, तिकडं सुटतो आपण), तिथं चढाला बेल्ट गेला तर काटा लाल व्हायला वेळ लागत नाय, आणि तशीच रेटली तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंच म्हणून समजा.

आवाज सकाळीच का येतो तर स्टार्टरनं बॅटऱ्यांतलं बरंच खाल्लेलं असतं, २४ व्होल्टची सिस्टीम, अल्टरनेटर सुरू झाल्या झाल्या ते भरून काढायला जोर लावतो, म्हणजे त्याची पुली फिरायला जड होते, वर हवा दमट, बेल्टवर ओल, मग पट्टा पुलीवर घसरतो आणि तेच आपल्याला ऐकू येतं. रात्री हेडलाइट वायपर ब्लोअर सगळं चालू असताना पण त्याचमुळं.

आता बेल्ट घसरू नये म्हणून त्याला ताणून धरणारा जो आहे तो टेन्शनर. आतमध्ये स्प्रिंग, बाहेर एक हात, हाताच्या टोकाला गुळगुळीत पुली, ती बेल्टच्या पाठीवर दाबून बसते. लोकांना वाटतं ह्याचं काम फक्त ताण द्यायचं. पण इंजिन काय एकसारखं फिरत नाय, प्रत्येक फायरिंगला क्रँकला झटका बसतो. सहा सिलिंडरला एका फेऱ्यात तीन झटके, आयडलला (रेस न देता नुसतं चालू) मिनिटाला ६०० फेरे धरा, म्हणजे सेकंदाला तीस झटके, हे सगळे बेल्टमधनं टेन्शनरपर्यंत येतात आणि त्यानं ते आत घर्षणानं जिरवायचे असतात. हे वर्षानुवर्षं चाललं की आतलं बुश (हात ज्याच्यावर फिरतो ती नळी) झिजतं, स्प्रिंग ढिली पडते. बुश झिजलं की हात तिरका होतो, पुली वाकडी बसते, आणि मग बेल्ट एका बाजूला सरकून काठ खायला लागतो. आण्णांनी टाकलेल्या बेल्टचा काठ दोरे निघून विसविशीत झालेला, म्हणजे तिथंच उत्तर होतं की, पण बघणार कोण!

तरी एकदा पाण्यानं खात्री केली. इंजिन चालू, पाण्याची फवारणीची बाटली, लांब उभं राहून बेल्टच्या रेघांच्या बाजूवर थोडं पाणी मारायचं. पाणी पडल्यावर आवाज वाढला तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. आवाज क्षणभर गप्प झाला आणि परत आला, आणि तो लांब शिट्टीसारखा नसून चिमणीसारखा चिवचिव असेल, तर पुल्या एका रेषेत नायत. आमचा सरळ वाढला. (गळ्यातला टॉवेल, ढगळ बाही, हे सगळं काढून ठेवा आधी, फॅन तिथंच फिरतोय.)

मग इंजिन चालू असतानाच टेन्शनरच्या हाताकडं बघितलं. चांगला हात किंचित थरथरतो तेवढंच. आमचा आपला डोलत होता, लग्नातल्या बँडवाल्यासारखा. इंजिन बंद करून बॅटरीची वायर काढली, बार लावून हात पूर्ण फिरवून बघितला तर मधेच अडकून कचकन सुटायचा, आणि बेल्ट काढल्यावर पुली हातानं फिरवली तर सूंऽऽ करत फिरतच राहिली. ही पुली भरपूर फिरली म्हणजे चांगली असं बरेच जण समजतात, उलट आहे, बेअरिंगमध्ये ग्रीस असलं की ती थोडी जड फिरून थांबते, सुकी झाली की भिंगरी. वॉशिंगला प्रेशरचं पाणी बरोबर तिथंच मारतात, त्यानंही बेअरिंगची वाट लागते.

बेल्ट उतरलाच आहे तर बाकीच्या पुल्या पण हातानं फिरवून घ्या, फुकटचं काम आहे. वॉटर पंप आणि फॅनचं हब ठणठणीत निघालं, अल्टरनेटर जरासा खरखरतोय. पंपाच्या खालच्या भोकातनं कूलंट किंवा पुढच्या सीलमधनं ऑइल बेल्टवर येतंय का तेही बघा, ते येत असेल तर आधी ते, नायतर नवा बेल्ट पण घसरणारच.

म्हणजे टेन्शनरच गेलेला, आणि तो बदलायचं काम खरं सोपं आहे. बेल्ट काढायच्या आधी त्याच्या रस्त्याचा मोबाइलवर फोटो, हातावरच्या चौकोनी भोकात बार घालून बेल्टपासनं लांब दाबायचं, बेल्ट सोडवायचा, एक बोल्ट, टेन्शनर हातात. नवा बसवताना मागची छोटी खुंटी तिच्या भोकात बसली का ते बोटानं चाचपून मग बोल्ट आवळा, खुंटी वर चढून बसली की नवाकोरा टेन्शनर पण वाकडा. हात सोडताना सावकाश, स्प्रिंगमध्ये बोट चेपायची ताकद असते. आणि बेल्ट चढवल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक पुलीवर बघायचं, आठच्या आठ रेघा खाचेत आहेत ना, एक रेघ बाहेर राहिली तर बेल्ट किती टिकेल सांगता येत नाय.

बेल्ट घेताना जुन्यावरचा नंबर वाचून घ्या, ८पीके आणि पुढं आकडा, ८ म्हणजे रेघा आणि पुढचा आकडा लांबी मिलीमीटरमध्ये. "हाच बसतोय ओ" म्हणून थोडा लांब बेल्ट दिला की टेन्शनरचा हात शेवटाला जाऊन टेकतो आणि मग ताण कुठनं येणार! अजून एक, आताचे बेल्ट इपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, जुन्यांसारख्या त्यांना भेगा पडत नायत, आतल्या खाचा टायरसारख्या झिजतात. भेग नाय म्हणजे बेल्ट चांगला हे जुनं झालं.

आणि ते साबण फिरवणं, राळ लावणं, स्प्रे मारणं, कृपा करून नको. दोन दिवस गप्प बसतो, मग त्याच्यावर धूळ चिकटते, खाचा भरतात, आणि आपण मात्र टेन्शनर संपत आलाय हे सांगणारा आवाजच बंद करून टाकलेला असतो.

टेन्शनर आणि बेल्ट बदलल्यावर आता शिट्टी नाय, पहाटेला पण नाय. अल्टरनेटरचं बेअरिंग पुढच्या सर्व्हिसिंगला काढायचं मिस्त्रीला सांगून ठेवलंय. काठ विसविशीत झालेला तो बेल्ट फेकला नाय, वाटेत काय झालं तर गाडी गावापर्यंत आणेल, सीटमागं ठेवलाय, आणि सोबत तो बार पण, कारण बार नसला तर टेन्शनर हातानं हलत नाय आणि आण्णा रात्री दोनला फोन मलाच करणार.