पोर्ट ऑफ स्पेनमध्ये खरेदी : काय घ्यावं, कुठे घ्यावं

त्रिनिदादला आपल्याकडचे बरेच जण क्रिकेटसाठी जातात, काही कार्निव्हलसाठी, आणि खरेदी शेवटी विमानतळावर उरकतात. तसं करू नका. पोर्ट ऑफ स्पेन ही त्रिनिदादची राजधानी, पण क्रूझच्या प्रवाशांवर जगणारं बंदर नाही. इथला बाजार गावातल्या लोकांसाठीच चालतो, त्यामुळे बाजारात हिंडताना शहर नीट कळतं. आम्ही एकच प्रश्न धरून फिरलो : ही वस्तू इथे बनली का? टी-शर्ट, चुंबकं आणि रंगीत टोप्या या प्रश्नावर आपोआप गळून पडतात.

सुरुवात फ्रेडरिक स्ट्रीटवरून करा. इंडिपेंडन्स स्क्वेअरपासून वुडफर्ड स्क्वेअरवरून हा रस्ता सरळ वर सवाना मैदानाकडे जातो. दोन्ही बाजूंना कपडे, चपला, सोनं. कापडाची मोठी दुकानं क्वीन स्ट्रीटच्या आसपास आहेत. क्वीन स्ट्रीटला आता १९७७च्या मिस युनिव्हर्स जॅनेल कमिशाँग यांचं नाव दिलं आहे, पण पत्ता विचारताना लोक जुनंच नाव सांगतात. कापडाच्या व्यापारात सीरियन-लेबनीज घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कार्निव्हलच्या आधी गेलात तर टिकल्या, पिसं, जरीच्या पट्ट्या यांचे ढीग बघायला मिळतात. घरी कुणी शिवणकाम करत असेल तर इथे वेळ काढाच. शेजारच्या शार्लट स्ट्रीटवर फळं-भाज्यांपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत सगळं फुटपाथवर मांडलेलं असतं. इंडिपेंडन्स स्क्वेअरजवळ हाताने चामड्याच्या सँडल बनवणारे कारागीर बसतात. माप देऊन करून घेता येते, पण मग पहिल्या एक-दोन दिवसांतच जा.

दुकानात शिरल्यावर आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणा, मग भाव विचारा. न बोलता थेट वस्तूकडे बोट दाखवणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. दुकानांत भाव ठरलेले असतात. फुटपाथवर थोडीफार घासाघीस चालते. संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात, रविवारी हा भाग ओस असतो, आणि अंधार पडल्यावर इथे पायी रेंगाळू नये. कार्निव्हलच्या सोमवारी आणि मंगळवारी खरेदीचा विचारही करू नका.

खरी मजा खाण्याच्या वस्तूंत आहे. ट्रिनिटारिओ हा कोकोचा प्रकार याच बेटावरचा. १७२७च्या सुमारास इथल्या जुन्या बागा नष्ट झाल्या, नंतर आणलेल्या झाडांशी उरलेल्यांचा संकर झाला आणि हा वाण तयार झाला. आता त्यापासून चॉकलेट करणारे छोटे उद्योग तिथे आहेत. पण चॉकलेटपेक्षाही मी सांगेन की कोकोच्या कांड्या किंवा गोळे घ्या. दालचिनी, जायफळ घालून वळलेले हे गोळे किसून, तेजपत्ता टाकून पाण्यात उकळायचे आणि दूध-साखर घालायची. आमच्या घरी हेच सगळ्यांत आधी संपलं. शनिवारी सकाळी सांता क्रूझच्या खोऱ्यात ग्रीन मार्केट भरतं, तिथे उत्पादकांकडूनच घेता येतात. लवकर पोचा.

दुसरं म्हणजे अँगोस्टुरा बिटर्स, पेयांत थेंब-थेंब घालायचा कडवट अर्क. योहान झीगर्ट या डॉक्टरने १८२४मध्ये व्हेनेझुएलात हे औषध म्हणून बनवलं. १८७०च्या दशकात घराण्याने बस्तान पोर्ट ऑफ स्पेनला हलवलं. भेटवस्तूंच्या दुकानात न घेता साध्या सुपरमार्केटमध्ये घ्या. तिथेच चटणीच्या बाटल्या, कोथिंबिरीच्या वासाच्या शॅडो बेनीचं वाटण आणि करी पावडरही मिळते. मोरुगा स्कॉर्पियन मिरचीचा सॉस घेताना जपून : २०१२मध्ये न्यू मेक्सिकोतल्या विद्यापीठाने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. माराकास किनाऱ्याकडे जाताना घाटातल्या थांब्यावर चिंचेचे गोळे, काकवी-खोबऱ्याचा टूलम आणि मिठात-मसाल्यात मुरवलेली फळं मिळतात. कुरमा दिसला तर घ्या. आलं घातलेले, पाकवलेले शंकरपाळेच ते.

सेंट जेम्स भागात बॉम्बे स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट अशा पाट्या वाचताना पाय थबकतात. क्वीन्स पार्क ओव्हल, जिथे १९७१मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवलं आणि गावसकरांनी कसोटीत पदार्पण केलं, ते इथून जवळच. सामना बघून वेस्टर्न मेन रोडवर या. रात्री उशिरापर्यंत गजबज असते आणि डबल्स, म्हणजे मऊ पुऱ्यांतले छोले, खायला मिळतात.

शागवानास हे मध्य त्रिनिदादमधलं भारतीय वंशाच्या लोकांचं मोठं व्यापारी गाव. सिटी गेट स्थानकावरून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी, म्हणजे सामायिक मिनीबस, पकडा. तिथल्या मेन रोडवर साड्या, लेहेंगे, पूजेचं सामान भरपूर, पण त्यातलं पुष्कळ आपल्याकडूनच गेलेलं, तेव्हा बघा आणि पुढे चला. घ्यायचं ते चेस व्हिलेजच्या कुंभारांकडून. १८४५पासून भारतातून मजूर म्हणून आलेल्यांच्या वंशजांनी जपलेल्या चाकावर आजही पणत्या घडतात. दिवाळीच्या आधी गेलात तर पणत्यांच्या राशी दिसतील. वर्तमानपत्रात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. वाटेत १९२६ साली बांधलेलं लायन हाउस, नोबेल विजेते लेखक व्ही. एस. नायपॉल यांचं आजोळ, रस्त्यावरूनच बघता येतं.

स्टीलपॅन, म्हणजे पोलादी पिंपापासून बनवलेलं सुरेल वाद्य, हे १९९२पासून तिथलं राष्ट्रीय वाद्य. दुकानांतले चिमुकले रंगीत पॅन शोभेचे. वाजवायचा असेल तर विकत घेण्याआधी प्रत्येक सूर ऐका.

टॅक्सी घेताना नंबरप्लेट 'एच' अक्षराने सुरू होते ना, ते पाहा. अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर मिळतात. देशात परकीय चलनाची टंचाई आहे, म्हणून उरलेले पैसे परत बदलून मिळणं अवघड, थोडेथोडेच बदला. नोटा आता पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या आहेत, कागदी दिली तर घेऊ नका. कासवाच्या पाठीचे किंवा काळ्या पोवळ्याचे दागिने कुणी दाखवले तरी हात लावू नका, ते नेणं गुन्हा ठरू शकतो. आणि परतीचं विमान अमेरिकेतून असेल तर तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. विमानतळावर घेतलेली रम त्या वेळी मोठ्या बॅगेत टाका. भारतात माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं.