फळ्यावरचा वाडा

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या छोट्या सभागृहात भरतो. दीपप्रज्वलन, अहवाल, जमाखर्च, आयत्या वेळचे विषय हे सगळं रीतसर होतं आणि तासाभरात उरकतं. मी वाट बघतो ती चहानंतरची. कप गोळा झाले की आमचे सर उठतात, बाही सारतात आणि खडूनं फळ्यावर एका वास्तूचा नकाशा काढायला घेतात. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. जन्मभर ड्रॉइंग शिकवलेला माणूस, सरळ रेघेला पट्टी लागत नाही.

२०२४ मध्ये, आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली त्या वर्षी, त्यांनी तेच काढलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं, प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नसलेलं. टाळ्या वाजवायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. तरी माझ्या मनात घर करून बसलाय तो लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नकाशा.

विषय जाहीर झाला तेव्हा कुरबुर झालीच. साहेबांच्या खासगी क्लबाशी आपला काय संबंध? सरांनी उत्तर दिलं नाही, रस्त्याकडची भिंत काढली. वास्तुविशारद चार्ल्स बॅरी, ब्रिटिश पार्लमेंटची आजची इमारत आखणारा. क्लब १८४१ साली खुला झाला. नमुना घेतला रोमच्या पलाझ्झो फार्नेसेचा. आपल्याकडं कोल्हापुरात मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदानं नव्या राजवाड्याला मनोरे, घुमट, कमानी सगळं दिलं. इथं दर्शनी बाजूला खांबांची रांगसुद्धा नाही. ओळीनं खिडक्या आणि माथ्यावर जाड कंगोरा. “ऐट आहे ती मापात,” सर म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला दारातून आत नेलं. पायऱ्या, देवडी आणि मधोमध मोठा चौकोन. इटलीतल्या वाड्याला इथं उघडा चौक असतो. लंडनच्या हवेत तो निभायचा नाही, म्हणून बॅरीनं वर काचेचं छप्पर घातलं आणि चौकाचं दालन केलं. भोवती खाली-वर खांबांचे सोपे, त्यांना लागून जेवणघर, वाचनालय. तळघरात अलेक्सी सोयेर या फ्रेंच बल्लवाचार्याचं स्वयंपाकघर. त्या काळी गॅसवर चालणाऱ्या त्याच्या शेगड्या बघायला लोक यायचे.

“सर, ह्यो तर आपला वाडाच की!” मागच्या रांगेतून गवंडीमामा बोलले.

सरांनी खडू त्यांच्या हातात दिला. मामांनी शेजारीच शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याचा चौक काढला. जोतं, सोपा, पन्हळ, आणि चौकातलं पाणी देवडीखालून रस्त्याकडं नेणारी मोरी. मग सरांकडं वळून विचारलं, “त्या काचंवरचं पाणी कुठं जातंय?” त्यावर दोघं किती वेळ बोलत राहिले! एक जन्मभर कागदावर बांधत आला, दुसरा ओळंबा धरून. दोघं एका फळ्यापुढं उभे राहिले की मला भरून येतं. आमचं मंडळ त्यासाठीच आहे, असं मी मानतो.

“बायकांना आत घ्यायचे का?” वहिनींनी विचारलं. १९८१ पासून, सर म्हणाले. म्हणजे इमारत खुली झाल्यावर १४० वर्षांनी. आमच्याकडं पहिल्या मेळाव्यापासून बायका आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

एक सल मात्र आहे. तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीला पानं कमी पडतात आणि नकाशाच्या वेळी खुर्च्या रिकाम्या असतात. नव्यानं आर्किटेक्ट झालेली मुलं, ज्यांची नावं आपण अहवालात कौतुकानं छापतो, ती थेट जेवायलाच येतात. हे मला लागतं.

रिफॉर्म क्लबच्या त्या वर्षी राबलेल्यांचं नाव निघालंच पाहिजे. रविवारी शाळा उघडून फळा देणारे शिपाईमामा, तो टेम्पोतून आणणारे मंडपवाले, माईक सांभाळणारा पोरगा, रांगोळी घालणाऱ्या दोघी बहिणी, चहाच्या मावशी, आचारी आणि वाढपी, हिशेब तपासणारे काका, सरांना घरून आणून परत पोचवणारा रिक्षावाला भाऊ, खुर्च्या उचलायला रात्री उशिरापर्यंत थांबलेली तालमीतली पोरं. आणि हो, “फळा पुसू नका” म्हणून दटावणारी कार्यालयातली ताई. तिच्यामुळं दोन्ही नकाशांचा फोटो मिळाला. तो स्मरणिकेत पान भरून छापलाय, मामांच्या पन्हळीसकट.