दहा रॉडमधले पाच रॉड परत

जूनमधे इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, काउन्सिलचं (नगरपालिकेचं) पत्र आलं. तुमच्या अलॉटमेंटवर (भाजी पिकवायला भाड्याने मिळालेल्या तुकड्यावर) लागवड दिसत नाही, 28 दिवसांत सुधारणा करा, नाहीतर भाडेकरार रद्द. सोबत माझ्याच प्लॉटचा फोटो. फोटो! म्हणजे कुणीतरी फाटकाशी उभं राहून माझं गवत टिपून गेलं आणि मला एक फोन नाही. मी एप्रिलमधे पाच आठवडे पुण्यात होते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, परत येते तोवर लेकाची जीसीएसई, इथली दहावीसारखी परीक्षा, सुरू, आणि इथली पेरणी सगळी एप्रिल-मे मधेच, थंडीचा शेवटचा फटका गेला की. एवढ्यात काउच ग्रासने डाव साधला, आपल्या हरळीसारखंच ते, मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा उभं.

आजीच्या परसात घेवडा कुडावर चढून शेजारच्यांच्या छपरावर गेला होता, तिला कुणी नोटीस धाडली नाही. (नवरा म्हणाला, आजीकडे रोज गडी यायचा. खरंय, पण मुद्दा तो नव्हता.) बरं, तीन-चतुर्थांश जमीन लागवडीखाली हवी, या अटीखाली सही माझीच होती, तेही कबूल.

माझा प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. इथे अजून हे आजोबांच्या काळातलं मापच चालतं. चार वर्षं वेटिंग लिस्टवर काढून मिळालेले, म्हणून सोडवत नव्हते. शेवटी शेजारच्या प्लॉटवरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, अर्धा परत दे, बायको आजारी होती तेव्हा मीही दिलेला. हे सांगायच्या आधी, न विचारता, माझ्या लसणाभोवतीचं तण त्यांनी उपटून ठेवलं होतं. मला तिथेच रडू आलं, आणि ते इंग्रज असल्यामुळे लगेच हवेविषयी बोलायला लागले.

तर पाच रॉड दिले. ठेवलं काय, लसूण (ऑक्टोबरात लावा, जुलैत काढा, मधे फार विचारावं लागत नाही), रुबार्ब (आंबट देठांचं) आणि मेथीचा एक वाफा. टोमॅटो बंद, रोज पाणी कोण घालणार आणि एवढं करून ऑगस्टच्या पावसात करपा येतोच. कोथिंबीर जूनच्या लांबलचक दिवसांत पान धरायच्या आधी फुलावर येते, तिची जुडी दुकानातूनच. कूर्गेटचं, म्हणजे झुकिनीचं, एकच रोप. गेल्या वर्षी चार होती, थालीपीठ झालं, भजी झाली, कोशिंबीर झाली, शेवटी मंडळातल्या बायका मी पिशवी घेऊन दिसले की लांबूनच नमस्कार करायच्या. उरलेल्यावर काळं प्लास्टिक अंथरलं, वर विटा.

खरं तर आता भाजी कमी पण नीट येते, हे मी सगळ्यांना सांगतेय, थोडं जास्तच सांगतेय बहुतेक.

परवा लसूण काढत होते तर पलीकडच्या अर्ध्यावर नवीन जोडपं आलं, कोरे गमबूट, हातात बियांची पाकिटं. जमीन कशी आहे, विचारलं त्यांनी. छान आहे म्हटलं. काउच ग्रासचं काही बोलले नाही.