आमची वाटचाल: पस्तीस मिलिमीटरची गोष्ट

2006 साली इंदूरच्या सांवेर रोडवर पत्र्याच्या एका शेडमध्ये आम्ही सायलेन्सरचं काम सुरू केलं. आम्ही म्हणजे मी आणि उस्ताद. त्यांच्या हातात टिग वेल्डिंगची कला, माझ्याकडे वडिलांच्या फंडातले थोडे पैसे. रामबागेतल्या घरी आई म्हणायची, "एवढं शिकून हेच करायचं होतं का?" 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपात आतून आर्गॉन वायू सोडल्याशिवाय उस्ताद सांध्याला हात लावत नसत. गॅस फार जातो म्हणून मी कुरकुरायचो. पण आतून बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, काळा निघाला, तर ते अख्खा सांधा कापून पुन्हा जोडत. पुढची बारा वर्षं काम मिळत गेलं, पगार निघत गेले.

मग 2019 चा मे उजाडला.

आम्ही एका पांढऱ्या सेदानला मागचा पूर्ण एग्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप आणि सायलेन्सर, बसवला होता. तीन आठवड्यांनी त्या मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला: बंपरचा उजवा खालचा कोपरा मेणासारखा ओघळलेला, रंगाला फोड, आणि खाली आमच्या दुकानाचं नाव. फोटो मोठा करून पाहिला, तर टिप, म्हणजे पाइपाचं बाहेरचं टोक, आमची नव्हतीच. दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात आमची टिप कापून रुंद, चकचकीत टिप लावली होती, तीही बंपरच्या काठाच्या आत. धूर बाहेर फेकला जायच्या ऐवजी बंपरच्या पोकळीत घुमत होता. मी मालकाला फोन केला. तो म्हणाला, "त्या भियानं तापमान मोजायची गन लावून दाखवलं, टिप शंभर अंशांच्या खालीच आहे. चूक तुमच्या पाइपची." माझं पुढचं काही ऐकायला तो तयार नव्हता.

दोन महिन्यांत सात गाड्यांचे अ‍ॅडव्हान्स परत गेले. पाच पोरांतली तीन गेली. पाइप बेंडिंग मशीन विकलं, ते आजही आठवलं की पोटात कालवतं. उस्तादांनी दोन महिने पगार घेतला नाही आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा लोकमान्य नगरातले आमचे जुने डॉक्टर काका गाडी घेऊन आले. त्यांच्या 1998 च्या गाडीचा गंजलेला सायलेन्सर हे आमचं पहिल्या वर्षातलं काम. म्हणाले, "माझी गाडी घे, हवं ते करून बघ." आम्ही टिपच्या अर्ध्या भागाला उष्णता सहन करणारा काळा रंग दिला, अर्धी चकचकीत ठेवली. भर दुपारी बायपासवर राऊ ते मांगलिया गाडी पळवली आणि थांबल्या थांबल्या तीच साधी लेझर गन लावली. चकचकीत भागावर 97 अंश, काळ्यावर 240. चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, म्हणून गन फसते. उस्तादांनी तो आकडा तीनदा वाचायला लावला.

बंपर काढून आतून पाहा, पीपी, ईपीडीएम, टी20 असं कोरलेलं सापडतं: पॉलिप्रॉपिलीन, त्यात रबर, आणि वीस टक्के टाल्क. ते साधारण 160 अंशांना वितळतं, पण झुकायला त्याच्या कितीतरी आधी लागतं. शिवाय टिप आणि बंपरमधली थंड गाडीवर मोजलेली गॅप धरून चालू नका. दोन मीटर 304 पाइप 200 अंशांनी तापला, की जवळपास सात मिलिमीटर लांबतो, आणि पाइप टांगून धरणाऱ्या हँगरचे रबर सैल असतील तर हलतोही. टिप बंपरच्या बाहेर काढा, चारही बाजूंनी बोट फिरेल इतकी जागा ठेवा, हीट शील्ड बंपरला चिकटवू नका, मध्ये हवा राहू द्या. लांब पल्ला मारून आल्यावर गाडी उभी करून रेस देऊ नका. वारा नसतो, सगळी उष्णता मागेच साचते. धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो. प्रदूषण आणि आवाजाच्या नियमभंगाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पैसे तुमचे असले, तरी त्या कामावर नाव आमचं लागतं.

डॉक्टर काकांनी दोन्ही आकड्यांचे फोटो आपल्या ओळखीत फिरवले. हळूहळू गाड्या परत येऊ लागल्या. त्या पलीकडच्या दुकानाने एक शब्द मागे घेतला नाही, आणि ते मला आजही सलतं.

2023 मध्ये तीच पांढरी सेदान दुसऱ्या मालकाबरोबर आली, बंपर पुन्हा ओघळला म्हणून. उस्ताद लिफ्टखाली गेले, पाइपावरून बोट फिरवलं आणि मला हाक मारली. आमच्या बीडच्या पुढे ग्राइंडरची तिरकी खूण होती. जुन्या जॉबकार्डवरचं माप काढलं: पस्तीस मिलिमीटर कमी. तेवढाच तुकडा उस्तादांनी आर्गॉन सोडून जोडला, मग बंपर हॉट स्टेपलरच्या तापलेल्या तारेने सांधून पीपीच्या कांडीने भरला. नव्या मालकाला आम्ही जुनी हकीकत सांगितली नाही.