आमची वाटचाल : स्क्रू फिरवण्याआधी हँगर बघा

सुरुवातीच्या दिवसांत आमच्या पुण्याच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक सायकलींना एकच गिअर असायचा. पंक्चर, ब्रेकचे रबर, हबमधले छर्रे, वर्षाचं ओव्हरहॉल, एवढ्यात दिवस जायचा. पुढे पहाटे सिंहगड चढणारे आणि २००-३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला) जाणारे लोक वाढले, रोड बाईक येऊ लागल्या आणि कामाचं स्वरूपच बदललं. आता रोज कानावर पडणाऱ्या तक्रारी दोन: ‘गिअर खडखडतो’ आणि ‘जोर लावला की चेन उडते’. दोन्हींची कारणं बहुतेक वेळा निरनिराळी असतात. ती वेगळी करायला शिकलो, तिथून आमचं काम खरं सुधारलं.

जुन्या गिअरचा लिव्हर कुठेही थांबायचा. आवाज आला की किंचित सरकवायचा, कानानं जागा शोधायची. शिमानो या जपानी कंपनीची इंडेक्स पद्धत १९८४मध्ये आली आणि एका टिचकीला एक गिअर असं ठरून गेलं. मग मागची दातेरी चक्रं वाढत गेली तशी जागा आटत गेली. एका चक्रापासून पुढच्या चक्राचं अंतर ८ स्पीडला (म्हणजे मागे ८ चक्रं) ४.८ मिमी, ९ला ४.३५, १०ला ३.९५ आणि ११ला साधारण ३.७. शिमानोच्या १० स्पीड रोड लिव्हरची एक टिचकी वायर सुमारे २.३ मिमी ओढते आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, त्याच्या १.७ पट सरकतो. म्हणजे घर्षणात वायरचा अर्धा मिलिमीटर जरी अडकला, तरी डिरेलर ०.८५ मिमी चुकीच्या जागी उभा राहतो. दोन चक्रांमधल्या अंतराचा पाचवा हिस्सा तिथेच गेला. चेन शेजारच्या चक्राला घासते ती अशी.

आमच्याकडे येईपर्यंत बऱ्याच सायकलींच्या डिरेलरवरचे एच आणि एल हे दोन स्क्रू कुणीतरी फिरवून ठेवलेले असतात. चेन स्पोकमध्ये किंवा फ्रेमच्या बाजूला पडू नये म्हणून डिरेलरची हद्द ठरवणं, एवढंच त्यांचं काम. मधल्या गिअरच्या खडखडीशी त्यांचा काहीही संबंध नाही. म्हणून आमच्या दुकानात नियमच आहे: आधी हँगर, मग वायर, मग चेन आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच), स्क्रू शेवटी.

हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. सायकल उजव्या अंगावर पडली, पार्किंगमध्ये कुणाचा धक्का लागला, गाडीत आडवी टाकून नेली, की तो आत वाकतो. डोळ्याला दिसेलच असं नाही. डिरेलर काढून त्या जागी गेज बसवतो आणि रिमपासूनचं अंतर घड्याळातल्या ३, ६, ९ आणि १२च्या जागी तपासतो. चाक डुगडुगत असलं तरी माप चुकू नये म्हणून रिमवरचा व्हॉल्व्हचाच बिंदू गेजबरोबर फिरवत नेतो. फरक ४ मिमीच्या आत आला पाहिजे. थोडा वाक हळूहळू सरळ होतो. पण एकदा सरळ केलेला हँगर पुन्हा वाकला, किंवा आट्यांजवळ केसाएवढी चीर दिसली, तर तो बदलाच. तो तुटला तर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा आणि ऐनवेळी मिळत नाही, म्हणून लांबच्या राइडला जाणाऱ्यांनी एक जादा सीटखालच्या पिशवीत ठेवावा.

वायरचं निदान सोपं आहे. मोठ्या चक्राकडे चेन चढायला आळस करत असेल तर ताण कमी आहे. वायरचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर घड्याळाच्या उलट पाव वळसा, मग पुन्हा बघायचं. पण चढताना ठीक आणि छोट्या चक्राकडे उतरताना अडखळत असेल, तर ताण जास्त आहे किंवा वायर आउटरमध्ये (बाहेरच्या नळीत) घासतेय. अ‍ॅडजस्टर फिरवून घर्षण जात नाही. इनर, म्हणजे आतली वायर, बाहेर काढून बोटांत धरून ओढा. गंज, खरखर किंवा सुटलेली तार लगेच कळते. लिव्हरच्या डोक्याशी, जिथे वायर सर्वांत जास्त वळते, तिथेच ती आधी विरते. नवी घालताना आउटर गिअरचाच हवा: ४ मिमीचा, आत सरळ तारा असलेला. ब्रेकचा ५ मिमीचा आउटर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, ताणाखाली दबतो, मग इंडेक्स कधीच जमत नाही. आउटर कापल्यावर तोंड कानसीनं सपाट करून आतलं अस्तर टाचणीनं उघडतो. ही दोन मिनिटं वाचवली तर सगळी मेहनत वाया.

आता चेन उडण्याकडे. २४ कड्या स्टीलच्या पट्टीवर मोजा, नव्या चेनला ३०४.८ मिमी भरतात. दीड मिमी वाढ म्हणजे अर्धा टक्का. ११ आणि १२ स्पीडला तिथेच चेन बदलावी, १० स्पीडपर्यंत पाऊण टक्का चालतो. उशीर केला तर झिजलेली चेन कॅसेटचे दातही स्वतःच्या मापानं झिजवते. मग नवी चेन टाकल्यावर नेमक्या रोजच्या वापरातल्या दोन-तीन चक्रांवर ती उडते आणि लोकांना वाटतं चेनच खराब निघाली. अशा वेळी कॅसेटही बदलावी लागते, हे आम्ही आधीच सांगतो. एखादी कडी आवळली असेल तर उडणं ठराविक तालात येतं: १०८ कड्यांची चेन आणि पुढे ५० दातांचं चक्र असेल तर पॅडलच्या दर दोनहून थोड्या जास्त फेऱ्यांना. पॅडल उलटं फिरवून डिरेलरच्या खालच्या पुलीकडे बघा, तिथे ती कडी उडी मारते.

११ स्पीडच्या हबवर १० स्पीडची शिमानो रोड कॅसेट बसवताना १.८५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी चकती) राहून गेला, की लॉकरिंग, म्हणजे कॅसेट धरून ठेवणारी रिंग, पूर्ण आवळूनही कॅसेट हलते. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळतो.

पावसाळ्यात घाटातून आल्यावर त्याच दिवशी चेन कोरडी पुसा. तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, रात्रभर मुरू द्या, सकाळी बाहेरचं सगळं पुसून टाका. वर राहिलेलं तेल वाळू धरून ठेवतं.

दुरुस्तीला आणताना मात्र सायकल धुऊन आणू नका. कुठल्या चक्रावर काळी घासलेली रेघ आहे, डिरेलरच्या बाहेरच्या अंगावर ओरखडा आहे का, हे आम्हाला बघायचं असतं. आवाज पुढच्या कुठल्या आणि मागच्या कुठल्या गिअरला येतो, बसून की उभं राहून चालवताना, एवढं सांगा. स्टँडवर चेनवर भार नसतो, त्यामुळे उडण्याची तक्रार असलेली प्रत्येक सायकल आम्ही दुरुस्तीनंतर चढावर चालवूनच परत देतो.